बुटके पुढे

कंपाउंडरांना कप्तानानं फसवलं. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे कोणी कोणाला फसवलं हे शोधत तुम्हाला शेवटापर्यंत यायला नको. कंपाउंडर म्हणजे ग्वाल्हेरशेजारच्या मुरारच्या पलटणीच्या दवाखान्यात पट्ट्या बांधणारे आमचे कंपाउंडर. कप्तान म्हणजे ती पलटण तपासायला बाहेरून आलेला डॉक्टर. फसवणूक झाली तेव्हा मी तिथंच उभा होतो. माझा धंदा बुटांचा. माणूस माल हातात कसा घेतो यावरून तो पुढं काय करणार हे मला कळतं. मला कळलं होतं आणि मी बोललोही होतो. कंपाउंडरांनी ऐकलं नाही.

आता माणूस कसा होता ते पाहा.

त्यांच्यासमोर जाऊन तुम्ही "डोकं दुखतंय" म्हणालात, तरी ते चष्मा कपाळावर सरकवायचे, स्वतः भिंतीला चिकटून उभे राहायचे, तळहात दाराच्या दिशेनं पसरायचे आणि म्हणायचे, "जरा चालून दाखवा."

पोस्टमन आला, चालून दाखवा. देवळातला पुजारी प्रसाद द्यायला आला, चालून दाखवा. टांग्यात बसण्यापूर्वी ते टांगेवाल्याला सांगायचे, "घोडा जरा चालवून दाखव." घोडा पसंत पडला नाही तर स्वतः चालत जायचे.

पुतण्यासाठी मुलगी पाहायला ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या एका घरी गेले होते. त्या काळी मुलीला चार पावलं चालायला लावायचेच. मुलगी चालली, बसली, पोहे आले. कंपाउंडर म्हणाले, "छान. आता मुलगा चालून दाखवेल." मुलीचे वडील म्हणाले, "अहो, हे काय भलतंच?" पण पुतण्याला उठावं लागलं. तो भिंतीपर्यंत जाऊन आला. कंपाउंडर मुलीच्या वडिलांकडं वळून म्हणाले, "उजवा पाय बाहेर टाकतो. पन्नाशीत गुडघा त्रास देईल. आधी सांगितलेलं बरं." लग्न झालं. गुडघ्यानं मात्र पन्नाशीची वाट पाहिली नाही.

माझी त्यांची ओळख भांडणानं झाली. माझ्या बहुतेक ओळखी तशाच झाल्या आहेत. मला खबर लागली की दवाखान्यातला कुणी कंपाउंडर मी पलटणीला पुरवलेले बूट फाडून पाहतो आहे. मी तडक गेलो. टेबलावर माझा बूट तळ उसवून मांडला होता, त्याच्या टाचेची लोखंडी नाल बाजूला काढून ठेवली होती. मी ओरडलो, "कोणाला विचारून हात लावलात?"

त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. "शेठ, जरा चालून दाखवा."

मी रागारागानं दारापर्यंत गेलो आणि तसाच परत आलो.

"डाव्या टाचेची बाहेरची कड आधी झिजते तुमची," ते म्हणाले. "लहानपणी खांद्यावर ओझं वाहिलंय? डाव्या?"

मी खाली बसलो. हजिऱ्यापासून मुरारपर्यंत नाड्या, पॉलिश आणि ब्रशांचं गाठोडं डाव्या खांद्यावर टाकून मी अकरा वर्षं चाललो होतो. छावणीच्या फाटकाबाहेर बसून ते विकायचो. पुढं दुकान झालं, कारागीर ठेवले, पलटणीच्या बुटांचं काम मिळालं. गाठोड्याची गोष्ट मी सासरच्यांनाही सांगितली नव्हती. या माणसानं ती टाचेवरून वाचली.

आता ते बूट का फाडत होते ते सांगतो.

संस्थानं विलीन झाली तो काळ. ग्वाल्हेर आणि इंदूर एकत्र आले, राजधानी हिवाळ्यात इथं आणि उन्हाळ्यात तिथं, त्यामुळं कागदांच्या गाड्या सारख्या या गावाहून त्या गावाला. आमची संस्थानी पलटण देशाच्या फौजेत जाणार होती. पण सगळी नाही. तपासणी मंडळ येणार, धड असतील ते ठेवणार, उरलेल्यांना घरी पाठवणार. घरी म्हणजे कुठं? दक्षिणेतून आलेली ही मराठा घराणी, पिढ्यान्‌पिढ्या शिपाईगिरी केलेली. शेत नाही, दुकान नाही. घरी पाठवणं म्हणजे रस्त्यावर पाठवणं.

आणि नेमक्या त्याच दिवसांत पलटण लंगडायला लागली.

एक झाला, दोन झाले, बघता बघता तीसेक जवान. कोणाची नडगी दुखे, कोणाला पाऊल टेकवेना. कप्तानानं सगळ्यात जास्त दुखणाऱ्या सात जणांच्या पायांचे एक्स-रे काढवले. त्यांत काहीच दिसलं नाही. तेव्हा त्यानं दोन कारणं शोधली. पहिलं, हे राजवाड्याच्या पहाऱ्यावरचे ऐषारामी शिपाई, बहाणे करतायत. दुसरं, बूट खराब आहेत.

माझे बूट!

कंपाउंडरांना दोन्ही पटत नव्हतं. ते दवाखान्याच्या व्हरांड्यात परातीत गेरू कालवून बसायचे. जवान त्यात पाय बुडवून कागदांच्या पट्टीवर चालायचा. कागद कुठले? संस्थानची जुनी दफ्तरं मोडीत निघाली होती, त्यांतले एका बाजूनं कोरे. या बाजूला कुणाच्या तरी जहागिरीचा मोडी लिपीतला हुकूम आणि त्या बाजूला एका शिपायाचा लाल तळवा. कंपाउंडरांचे पूर्वज दरबारात दफ्तरं लिहायचे. ते म्हणायचे, "त्यांनी एक बाजू वापरली, मी दुसरी वापरतो."

प्रत्येक पावलातलं अंतर ते दोरीनं मोजायचे. मग जवानाच्या नडगीवर वरून खाली अंगठा दाबत जायचे. एखाद्या ठिकाणी जवान कळवळायचा. नेमक्या त्याच ठिकाणी, दर वेळी.

"हा बहाणा नाही शेठ," ते मला म्हणाले. "बहाणा करणारा रोज वेगळ्या जागी ओरडतो. हाडाला बारीक चीर गेलीय."

"मग फोटोत का दिसत नाही?"

"केसाएवढी चीर. आज नाही दिसणार. भरायला लागली की तिथं हाड जाड होतं, तेव्हा दिसेल. तीन आठवडे लागतात."

चीर का गेली हे त्यांनी मला परेडच्या मैदानावर नेऊन दाखवलं. म्हणजे ऐकवलं. मैदानाच्या कडेला उभं राहून त्यांनी डोळे मिटले. मीही मिटले. ठाक, ठाक, ठाक. माझ्या नालांचा आवाज. छाती फुगली माझी.

"दगडी फरशीवर हा आवाज," कंपाउंडर म्हणाले, "आधी कानात जातो का नडगीत?"

तिथं माझी छाती बसली. कारण ती जाड नाल मीच बसवली होती. नव्या फौजेपुढं आपली पलटण कमी दिसू नये म्हणून आमच्या सुभेदारसाहेबांनी मला बजावलं होतं, "शेठ, टाच अशी पडली पाहिजे की किल्ल्यापर्यंत आवाज गेला पाहिजे. समझे?" मी समजलो आणि दुप्पट जाडीची नाल ठोकली. बूट खराब नव्हते, नाल जरुरीपेक्षा चांगली होती. हा फरक आजही लोकांना कळत नाही.

पण खरा घोटाळा नालेचा नव्हता, सुभेदारसाहेबांच्या शानीचा होता. दसऱ्याच्या स्वारीत पलटणीतले सगळ्यात उंच, देखणे जवान पुढं ठेवायची दरबारी रीत होती. स्वारी हळू चालायची, तिथं ते शोभायचं. आता चाल आली लांब पावलांची आणि सुभेदारसाहेबांनी पुढची रांग तशीच ठेवली. शिवाय कवायत एकदम दुप्पट. पुढचे सहा फुटी जवान लांब ढांगा टाकणार, पाऊल जुळवायला मागचे बुटके आपल्या पायापेक्षा मोठी ढांग टाकणार, नव्या कोऱ्या बुटांत, फरशीवर, रोज. कंपाउंडरांनी गेरूचे कागद जमिनीवर ओळीनं मांडून दाखवले. लंगडणाऱ्या तिसांतले जवळजवळ सगळे मागच्या रांगांतले होते. मला तेव्हा अक्षर फार वाचता येत नव्हतं, पण तो कागद मीही वाचला.

"सुभेदारांना सांगा की!" मी म्हणालो.

"सांगितलं. म्हणाले, बुटके पुढे ठेवले तर पलटण शाळेची सहल दिसेल."

दोन दिवसांनी कर्नलनं मला झापायला बोलावलं. तो मंडळाचा प्रमुख. मी कंपाउंडरांना बरोबर घेतलं. ते येत नव्हते, म्हणाले, "मला बोलावलेलं नाही." मी म्हणालो, "मला शिव्या खायला बोलावलंय, तुम्ही वाटून घ्या."

कर्नलच्या टेबलापलीकडं कप्तान आणि सुभेदारसाहेब बसले होते. कर्नलनं बूट उचलला. "ये जूते किसके हैं?"

"मेरे, हुजूर. और पैर आपके. दोनों में झगड़ा सुभेदारसाहेबांनी लावलाय," मी म्हणालो. राग आला की माझी हिंदी मराठीत शिरते.

सुभेदारसाहेब उठलेच. "जबान सांभाळ, नाडीवाल्या!"

गाठोड्याची गोष्ट त्यांनाही ठाऊक होती म्हणायची. मी काही बोलण्याआधी कंपाउंडर पुढं झाले, त्यांनी गेरूचे कागद टेबलावर पसरले आणि कर्नलला अदबीनं म्हणाले, "साहेब, जरा चालून दाखवाल?"

कर्नल उठला. खिडकीपर्यंत गेला, परत आला.

"घोड्यावरून पडला होतात. डावा खुबा."

कर्नल कप्तानाकडं बघून हसला. "ये तुमने तो कभी नहीं बताया." मग मला विचारलं, "कितने दिन चाहिए?"

कंपाउंडरांना तीन आठवडे हवे होते. म्हणून मी सहा मागितले. कर्नल म्हणाला, दहा दिवस. मी कपाळाला हात लावला, कागद गोळा केले, दारापर्यंत गेलो. दारापर्यंत जाणं हा सौद्यातला अर्धा भाग असतो. परत वळून म्हणालो, "तीन हफ्ते. मग पूर्ण ओझ्यासह किल्ल्याला वळसा घालून चालवून बघा. यातला एक माणूस रस्त्यात बसला तर सगळे बूट मी परत नेतो आणि मुरारमध्ये पुन्हा दुकान लावत नाही. पण सगळे पोचले तर सगळे फौजेत." कर्नलनं मान हलवली.

बाहेर आल्यावर कंपाउंडर म्हणाले, "शेठ, दुकान कशाला लावलंत पणाला?"

"तुमचं बरोबर आहे ना?"

"आहे."

"मग गप बसा."

तीन आठवडे. चीर गेलेल्या सात जणांना खाटेवर. चीर न गेलेले बाकीचे तेवीस मुरार नदीकाठच्या मातीत, फरशीवर पाय नाही. पहिल्या आठवड्यात थोडं चालणं, एक दिवस आड विश्रांती. मग हळूहळू वाढवत पाठीवर ओझं. माझ्या कारागिरांनी सगळ्या बुटांची जाड नाल उपटून पातळ बसवली आणि कोरे बूट तेल लावून, वाकवून मऊ केले. सुभेदारसाहेब लांबून बघून म्हणायचे, "बारात की तैयारी चल रही है क्या?"

आणि सगळ्यात पुढं उभा केला बाबुराव. नाईक बाबुराव पलटणीत सगळ्यात बुटका. भरती झाल्यापासून त्यानं पुढच्याच्या पाठीशिवाय काही पाहिलं नव्हतं. पहिल्या दिवशी तो सारखा मागं वळून बघायला लागला.

"काय झालं?" कंपाउंडरांनी विचारलं.

"काही नाही साहेब. पुढं कुणीच नाही, तर आदत नाही."

"तुझी ढांग ती पलटणीची ढांग. तू चाल, बाकीचे जुळवून घेतील."

परीक्षेचा दिवस थंडीचा, लख्ख उन्हाचा. मुरारहून हजिरा, तिथून किल्ल्याच्या पायथ्यानं वळसा घालून परत, पूर्ण ओझ्यासह. सुभेदारसाहेबांनी हट्टानं आपलीही तुकडी काढली. तेवीस निरोगी गडी, उंच पुढे, टाचेला जाड नाल. ते निघाले तेव्हा खरंच किल्ल्यापर्यंत आवाज गेला. त्यांच्या मागून आमचे निघाले, आवाज जवळजवळ नाही. बघणारे हसले. हजिऱ्याचा एक हलवाई मला म्हणाला, "शेठ, तुमची पलटण मोजे घालून निघाली का?"

मी टांग्यातून मागं. कंपाउंडर चालत, सगळ्यांच्या शेवटी, डोळे अर्धे मिटलेले. ते पाहत नव्हते, ऐकत होते.

किल्ल्याच्या वळणावर सुभेदारसाहेबांच्या तुकडीतला पहिला गडी कडेला बसला. मागच्या रांगेतला. मग दुसरा. त्यांची ओळ लांबत गेली, पुढचे पुढं आणि मागचे धावत. आमची ओळ जशी निघाली तशीच, एका दोरीत ओवल्यासारखी. बाबुरावानं मान वळवली नाही. बसलेल्यांच्या शेजारून जाताना आमच्यातला एक जण म्हणाला, "भाई, जरा चलके दिखाओ," आणि सगळी तुकडी हसली. हसताना पाऊल चुकलं नाही हे लक्षात घ्या.

मुरारच्या मैदानावर कर्नल घड्याळ घेऊन उभा होता. बाबुराव आला, त्याच्यामागं बावीस. मी मोजले, कर्नलनं मोजले, पुन्हा मी मोजले. तेवीस! एकही लंगडत नव्हता. मी टांग्यातून उडी मारली, पागोटं काढून हवेत फेकलं, ते कप्तानाच्या अंगावर पडलं आणि मी माफी मागितली नाही. आयुष्यात मी मोठमोठे सौदे जिंकलो आहे. त्या दिवसासारखा एकही नाही.

संध्याकाळी सात जणांचे नवे एक्स-रे आले. कर्नलनं एकेक फिल्म खिडकीच्या उजेडात धरली. प्रत्येकीत हाडावर एक पांढरट गाठ, कंपाउंडरांनी अंगठ्यानं दाखवली होती बरोबर त्याच जागी. सातही जागा. बहाणा एकाचाही नव्हता. तीसच्या तीस फौजेत राहिले.

सुभेदारसाहेब आले, टाचा जुळवल्या आणि कंपाउंडरांना सलाम ठोकला. एका सुभेदारानं, एका कंपाउंडराला. म्हणाले, "आता सांगा, माझा गुडघा का दुखतो?"

"जरा चालून दाखवा."

त्याच वेळी कप्तान गोड आवाजात म्हणाला, "कंपाउंडरसाब, ये काग़ज़ मुझे पढ़ने दीजिए." त्यानं गेरूच्या कागदांचा गठ्ठा हातात घेतला. दोन्ही हातांनी, छातीशी धरून. परत द्यायचा माल माणूस असा धरत नाही. मी कंपाउंडरांच्या कानात म्हणालो, "पावती घ्या."

"वाचायला दिलेत शेठ, विकले थोडेच?"

काही महिन्यांनी छापील अहवाल आला. तो इंग्रजीत होता, मी वकिलाकडून वाचून घेतला. बुटक्यांना पुढे ठेवावे, कवायत हळूहळू वाढवावी, एक्स-रे तीन आठवड्यांनी पुन्हा काढावा, सगळं होतं. पावलांची चित्रंही होती. वर कप्तानाचं नाव. कंपाउंडरांचं नाव कुठंही नाही. आणि एक ओळ वकिलानं घाबरत वाचली, "स्थानिक पुरवठादाराचे बूट सदोष होते."

मी तो अहवाल घेऊन कंपाउंडरांकडं गेलो. त्यांनी विचारलं, "बुटके पुढे, हे लिहिलंय?"

"लिहिलंय. तुमचं नाव नाही."

"पाय तरी कुठं माझे होते?"

मला इतका संताप आला की त्यांच्याच घरातून मी तरातरा निघालो. मागून आवाज आला, "शेठ, टाच आपटू नका."

पुढं पलटणीची नवी रचना झाली. तिच्यात संस्थानी कंपाउंडराची जागाच नव्हती. ज्या माणसानं तिसांच्या नोकऱ्या वाचवल्या, त्याला निरोपाचा एक कागद देऊन घरी पाठवलं. ते बिर्लानगरला एका छोट्या दवाखान्यात बसू लागले. यंत्रापुढं दिवसभर उभे राहणारे कामगार कंबर धरून यायचे आणि त्यांना सांगितलं जायचं, जरा चालून दाखवा. तक्रारीचा शब्द मी त्यांच्या तोंडून ऐकला नाही. दोघांच्या वाटची तक्रार मी करत आलो.

ते गेले तेव्हा ती पलटणीतली मंडळी आली. बाबुराव आला, निवृत्त होऊन पोट सुटलेला. तिरडी उचलली गेली. आणि काय पाहतो, उंच दोघे पुढे, बुटके मागे! तिरडी मागं कलली, मागच्यांची धावपळ व्हायला लागली, कंपाउंडर कलंडताहेत. मी भर रस्त्यात ओरडलो, "अरे, कोणाला नेताय? बुटके पुढे!"

सगळे थांबले. कुणी हसलं, कुणी डोळे पुसले. बाबुराव पुढं आला, त्यानं खांदा दिला. त्याच्या जोडीचा दुसरा पुढं आला, उंच दोघे मागं गेले आणि त्यांनी काठ्या खांद्यावर न घेता हातांत धरल्या. तिरडी समपातळीवर आली. बाबुरावानं पहिलं पाऊल टाकलं, आणि ती म्हातारी पलटण पुन्हा एका चालीत निघाली, घाटापर्यंत. एकाचंही पाऊल चुकलं नाही. मी डोळे मिटून ऐकत होतो.

आजही मुरारच्या रस्त्यानं पलटण जाते तेव्हा मी दुकानाच्या पायरीवर येतो. पुढं कधी बुटका जवान दिसतो आणि मी शेजाऱ्यांना सांगतो, हे आमच्या कंपाउंडरांचं. तुम्हीही कधी पाहा, आणि डोळे मिटून ऐका.

तुमच्या लक्षात आलं असेल, मी त्यांचं नाव लिहिलेलं नाही. विसरलो नाही. ते नाव आधी त्या अहवालावर यायला हवं, मग मी इथं लिहीन. कप्तानसाहेब, आता तुम्ही मोठे अधिकारी झाला असाल. गेरूच्या कागदांचा तो गठ्ठा कुठं आहे? माझ्या बुटांवरची ती ओळ कोणाला विचारून लिहिलीत? पत्रं पाठवून मी थकलो नाही, थकणार नाही. दाराशी येऊन उत्तर द्या. तुम्ही याल तेव्हा मी पायरीवर उभा असेन, कसे चालत येता ते बघत.